जेव, नाही तर सिस्टर येईल

सरकारने मला लसी टोचायला, बाळंतपणं करायला आणि रजिस्टरं भरायला ठेवलं होतं. पगार मिळायचा तो त्याचाच. गावाने मला आणखी एका कामाला लावलं होतं आणि ते मी निवृत्त होईपर्यंत फुकट केलं. ते काम म्हणजे लेकरांना भीती दाखवणं. मी स्वतः कधी कोणाला दाखवली नाही. माझ्या नावाने ती परस्पर दाखवली जायची.

“जेवतं का नाही? नाहीतं सिस्टर येईन पाह्य, सुई घेऊन!”

माझ्या नावाने लेकरं जेवली, झोपली, शाळेत गेली, कडू औषधं प्यायली. मी शेजारच्या गावात असले तरी हे काम चालूच असायचं. मी बौद्ध समाजातली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत काही घरांत मला पाणी ओसरीवरच मिळायचं, तेही वेगळ्या पेल्यात. त्याच घरांच्या आतल्या खोलीत माझं नाव मात्र दिवसातून चारदा जाऊन यायचं. नावाला विटाळ नव्हता.

दिवाळी अंकासाठी संपादक ‘नोकरीतले अनुभव’ लिहा म्हणाले, तेव्हा त्यांना बहुतेक पुरातून काढलेली वाट किंवा बैलगाडीतलं बाळंतपण हवं असणार. तेही माझ्याजवळ आहे. पण ते सांगून सांगून मलाच त्याचा कंटाळा आलाय. जे कोणी विचारत नाही तेच लिहिते.

आधी कामाबद्दल, कारण शहरातल्या लोकांना वाटतं आम्ही दिवसभर खुर्चीत बसून गोळ्या वाटतो. मी मूळची जळगाव जामोदकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. नोकरी मात्र सगळी चिखली तालुक्यात झाली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, एक खाट आणि आजूबाजूची चार-पाच गावं. ठरलेल्या दिवशी मी बर्फाच्या पिशव्या घातलेला लसींचा निळा डबा घेऊन एकेका गावच्या अंगणवाडीत जायची. तो डबा लेकरांना लांबून ओळखू यायचा. एसटीतून मी उतरले की पारावरची खेळणारी पोरं नाहीशी व्हायची. मग त्यांना कणगीमागून, बाजेखालून, कडब्यातून ओढून आणलं जायचं आणि दोन माणसं हात-पाय धरून माझ्यासमोर आणायची.

या कामात एक गोष्ट मी शिकले आणि ती कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगितली नव्हती. दीड महिन्याचं बाळ सुई टोचली की रडतं आणि छातीशी धरलं की थांबतं. तेच बाळ दीड वर्षाचं झालं की सुई पाहून रडतं. आणि पाच वर्षांचं झालं की माझं नाव ऐकून रडतं. औषध तेच, सुई तेवढीच, माझा हातही तोच. मधल्या वर्षांत जे वाढलं ते घरात वाढलं.

सुई टोचून झाली की दुसरा विधी असायचा. आया लेकराला उचलून माझ्या पाठीमागे यायच्या आणि म्हणायच्या, “मार रे सिस्टरले! हाण! काऊन देली माह्या राजाले सुई?” आणि त्याचा हात धरून माझ्या पाठीत चापट्या मारायच्या. लेकरू पडलं की जमिनीला मारतात ना, तसंच. मी खाली मान घालून पुढच्या सिरिंजचा कागद फाडत बसायची. पाठीत चापट्या खाण्याचा भत्ता सरकारने द्यायला हवा होता. हसू नका, त्या चापट्यांनी लेकराला काय कळायचं? की ही बाई वाईट आहे आणि आपली आई तिला मारते, तरी दर वेळी तिच्याचकडे आणते.

त्या चार-पाच गावांतलं एक गाव मोठं होतं, उपकेंद्रही तिथेच होतं. त्याचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून आहेत. तिथे गजानन नावाच्या शेतकऱ्याचं घर अंगणवाडीच्या बाजूलाच होतं. घर चांगलं, खाऊन-पिऊन सुखी. गजानन, त्याची बायको शोभा, त्याची आई भागाबाई, आणि दोन लेकरं. अंकुश मोठा, राणी धाकटी. प्रेमळ माणसं होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लेकरांसाठी जीव टाकणारी माणसं होती ती, आणि म्हणूनच हे सांगताना राग येतो. मारकुटी, दारुडी माणसं असती तर सांगायला सोपं गेलं असतं.

अंकुश जेवायला त्रास द्यायचा. भागाबाई त्याच्यामागे ताटली घेऊन अंगणभर फिरायच्या. एकदा माझं काम आटोपलं होतं, मी डबा आवरून निघाले होते, तर त्यांनी ओट्यावरून हाक मारली.

“सिस्टर, दोन मिन्ट दारात उभ्या राह्यता का? पोट्टं जेवून घेईन.”

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. चार वर्षांचा अंकुश दारात बसला होता, गालात घास तसाच, आणि डोळे माझ्या डब्यावर.

“आजी, मी त्याच्यासाठी नाही आले. काम झालं माझं, मी चालली,” मी म्हटलं.

“जा, जा. पण त्याले नोका सांगू.”

मी त्याच्याकडे पाहून म्हटलं, “अंकुश, मी घरी चालली. आज सुई नाही.” त्याने तो घास पटकन गिळला. माझ्या बोलण्याचा अर्थ त्याच्यापर्यंत गेलाच नाही, फक्त आवाज गेला. मागे भागाबाई शोभाला म्हणत होत्या, “पाह्य, कसं गिळलं मुकाट्यानं.” आणि मी वळल्यावर थोड्या घुश्श्यातच, “लय गर्वाची हाय बाप्पा, दोन मिन्ट उभी नाही राह्यली.”

त्या दिवसापासून मी त्या गावात गर्वाची झाले.

महिन्यातून एकदा आम्ही आयांची बैठक घ्यायचो. त्यात जंतांच्या गोळ्या, वजन, हात धुणं असे ठरलेले विषय असायचे. मी त्यात माझा एक घुसवायची. म्हणायची, “बायांनो, माझं नाव घेऊन लेकराले भेव दाखवू नका. तुम्हाले घास भरवता येते, पण उद्या त्याले काही झालं तं ते तुम्हाले सांगणार नाही.” सगळ्या “हाव सिस्टर” म्हणायच्या. बैठक संपून चपला घालताना त्यांच्यातलीच एक मांडीवरच्या पोराला म्हणायची, “चाल, नाहीतं सिस्टर ठेवून घेईन.” आणि माझ्याकडे पाहून हसायची, म्हणजे मीही हसावं.

एकच बाई वेगळी भेटली. सुनंदा नाव. नवरा गेलेला, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. ती पोरीला मांडीवर घेऊन म्हणायची, “दुखते. मंग थांबते. मी हात धरून ठेवते.” पोरगी ओठ आवळून सुई घ्यायची, दोन अश्रू काढायची आणि खेळायला जायची. बाकीच्या आया म्हणायच्या, सुनंदाची पोरगी धीट आहे, जन्मतःच आहे. कोणाला असं वाटलंच नाही की तिला आईने खरं सांगितलं होतं, बाकी काही नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. टाळावी असं वाटतं, पण तिच्यासाठीच लिहायला बसलेय.

अंकुश नऊ वर्षांचा होता, राणी सहाची. हिवाळ्याचे दिवस, घरोघर कापूस वेचून आणलेला. भाव चढेपर्यंत लोक कापूस विकत नसत, घरातलीच एक खोली छतापर्यंत कापसाने भरून ठेवत. गजाननकडेही तशी खोली होती.

एका सकाळी शोभा अंकुशला घेऊन उपकेंद्रात आली. ताप आहे म्हणाली, रात्रभर झोपला नाही, काही पीत नाही. अंकुश आत येईना. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, उजवा हात पाठीमागे धरून. मला ते नवं नव्हतं, सगळीच लेकरं माझ्यासमोर हात लपवायची. मी पेल्यात पाणी घेतलं आणि त्याच्याजवळ गेले. तहान लागली होती त्याला, त्याने डाव्या हाताने पेला घेतला. पेला तोंडाशी आला आणि त्याचा गळा असा आवळला की पाणी अंगावर सांडलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

मी तोवर तसा रोगी पाहिला नव्हता. पण ट्रेनिंगमध्ये ज्या काही गोष्टी कानात घट्ट बसतात त्यांतली ती एक आहे. कुत्रं चावल्यावर जो रोग होतो तो वेळेवर सुया घेतल्या तर होत नाही. आणि एकदा झाला की त्यावर कुठेही, कोणाजवळही काही नाही.

“अंकुश, कुत्रं चावलं व्हतं का तुले?” मी विचारलं.

त्याने मान हलवली. “नाही. नाही चावलं.”

“नाही बाप्पा, काही नाही चावलं,” शोभाही म्हणाली. आणि मग माझा चेहरा पाहून घाबरली आणि त्याच्यावर ओरडली, “खरं सांग बे! नाहीतं सिस्टर आत्ताच सुई...”

“शोभा, गप बस!” मी एवढ्या जोरात ओरडले की ती भिंतीला टेकली. नोकरीत मी कुठल्या आईवर तशी ओरडले नव्हते.

मी उंबऱ्यावर बसले. त्याला म्हटलं, “अंकुश, मी तुले सुई नाही देणार. आज नाही, उद्याही नाही. आईची आण.”

ते खरंच होतं. आता सुईचा काही उपयोग नव्हता. जन्मभर लेकरांना मी खरं सांगत आले आणि कोणी विश्वास ठेवला नाही. यानं ठेवला, तोही आज. त्याने पाठीमागचा हात पुढे आणला. अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक वण होते, केव्हाचे भरून आलेले.

“भुऱ्यानं,” तो म्हणाला. “खेळता खेळता.”

भुऱ्या म्हणजे गोठ्यामागे व्यालेल्या कुत्रीचं पिल्लू. या दोघांनी ते पाळलं होतं, चोरून दूध पाजत होते. पोळ्यानंतर कधीतरी ते मेलं. घरातल्यांना एवढंच माहीत होतं.

“मंग मायले काऊन नाही सांगलं रे?”

“पोटात चौदा देतात ना,” तो म्हणाला.

पोटात चौदा सुया. तो उपचार केव्हाच बदलला होता. त्याही वेळी सुया हातावरच देत आणि त्या मोजक्याच असत. पण घरातल्या धाकात त्या अजून पोटातच होत्या आणि चौदाच होत्या. मुलांना गप्प करण्यासाठी जुनं औषध जास्त कामाचं होतं.

मी उठले, गाडीची सोय करायला. तेवढ्यात तो म्हणाला, “राणीले नाही चावलं.”

मी राणीबद्दल विचारलंच नव्हतं.

मी पुन्हा खाली बसले. म्हटलं, “बरं, नाही चावलं.” तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा स्वतःचा गळा आवळला जात होता, तशातही धाकट्या बहिणीला माझ्यापासून वाचवत होता. मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तो अजून गेला नाही.

त्याला गजानन आणि शोभा बुलढाण्याला घेऊन गेले, तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात. मी गजाननला गाडीत बसण्याआधी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण तापच तं हाय ना सिस्टर?” मी पुन्हा सांगितलं. मग तो नुसता गाडीच्या दाराचा दांडा धरून उभा राहिला.

मी सरळ त्यांच्या घरी गेले. राणीला चावलं असेल तर तिच्या अंगात तो रोग चढायच्या आत सुया सुरू करायच्या होत्या, आणि किती वेळ हाताशी आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. नसेल चावलं तर तेही पक्कं कळायला हवं होतं. आणि ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, त्या सहा वर्षांच्या पोरीला.

राणी घरात नव्हती. म्हणजे होती, पण दिसत नव्हती. माझी चाहूल लागताच ती कापसाच्या खोलीत घुसली होती. शेजारच्या पोराने तिला जाताना पाहिलं होतं. खोलीच्या दारात भागाबाई आणि शेजारची तीन-चार माणसं जमली होती. समोर छतापर्यंत कापूस, आणि त्या ढिगात कुठेतरी ती. बाया ओरडत होत्या.

“निघतं का बाहीर? सिस्टर आली पाह्य!”

“नाही निघत तं सिस्टरच येईन आत, मोठी सुई घेऊन!”

“हात-पाय बांधून नेईन तुले!”

मला क्षणभर वाटलं, ही माणसं चेष्टा करताहेत. पण नाही, ती काळजीने ओरडत होती. भागाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याच भीतीने आत गेलेल्या पोरीला त्या माझीच भीती घालून बाहेर बोलावत होत्या. दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. इतकी वर्षं एकच हत्यार वापरलं होतं.

“सगळे बाहेर व्हा,” मी म्हटलं.

“पण सिस्टर, ते दबून जाईन कापसात.”

“मंग लवकर व्हा. आणि अंगणातून आवाज येऊ देऊ नका.”

दार लोटून मी जमिनीवर बसले. कापसाला धुळीचा, उन्हाचा वास असतो, तो सगळा खोलीत भरून होता. मी माझी पिशवी उलटी केली. सगळं जमिनीवर पडलं. थर्मामीटर, कापसाची डबी, गोळ्यांची पाकिटं, बिनसुईच्या दोन सिरिंजा, पेन, माझा चष्मा, अर्धी राहिलेली शेंगदाण्याची चिक्की.

“राणी,” मी म्हटलं, “माह्या पिशवीत काय हाय ते सगळं खाली टाकलं. तू आतूनच पाह्य.”

ढीग हलला नाही.

“सुई देणार का?” बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

आता इथे खोटं बोलणं सोपं होतं. नाही देत म्हटलं असतं तर ती लगेच बाहेर आली असती. मग धरून दिली असती. असंच करतात सगळे.

“कुत्रं चावलं असन तं द्यावी लागन,” मी म्हटलं. “नसन चावलं तं नाही.”

“दुखते?”

“दुखते. काटा मोडल्यावढं. मंग थांबते.”

“पोटात?”

“हातात. पोटात कोणीच देत नाही आता. तुले खोटं सांगलं कोणीतरी.”

“चौदा?”

“पाच. एका दिवशी एकच.”

मग कापसातून आधी एक हात आला आणि नंतर डोकं, केसांत, भुवयांवर कापूस चिकटलेला. ती माझ्याकडे नाही, जमिनीवर पडलेल्या वस्तूंकडे पाहत होती. एक-एक मोजावी तशी. मी बिनसुईची सिरिंज तिच्या हातात दिली आणि दंड पुढे केला. तिने ती माझ्या दंडावर जोरात दाबली.

“दुखलं का?” तिने विचारलं.

“थोडंसं.”

तिने पायातली चांदीची साखळी वर सरकवली. घोट्याच्या मागे ओरखड्याचा वण होता, बारीक, लांब. साखळीखाली झाकला गेला होता. दररोज आंघोळ घालणाऱ्या घराला तो दिसला नव्हता.

“दादा म्हणे कोणाले नोको सांगू,” ती म्हणाली. “दादाले देल्या का सुया?”

“नाही. दादाले द्याले उशीर झाला.”

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. पण मी तेच सांगितलं.

त्याच दिवशी तिला घेऊन मी गेले. हातावर पहिली सुई झाली, आणखी एक औषध जखमेच्या जागी भरावं लागलं, तेही मी तिला आधी सांगितलं. ती रडली, पण हात ओढला नाही. पुढच्या सुयांना ती येत राहिली. शेवटच्या सुईला ती एकटीच चालत उपकेंद्रात आली, फ्रॉकची बाही स्वतःच वर करून. म्हणाली, “आज मी कोणालेच नाही आणलं.” माझ्या अख्ख्या नोकरीत एवढा अभिमान मला कशाचा वाटला नाही, बैलगाडीतल्या बाळंतपणाचासुद्धा नाही.

तोवर अंकुशची तेरवी होऊन गेली होती.

तेरवीला मी गेले होते. जायला नको होतं असं नंतर लोक म्हणाले. भागाबाई रडून रडून थकल्या होत्या, एकीला सांगत होत्या, “पोट्टं लयच भित्रं व्हतं माय माहं. भित्रं नसतं तं सांगलं असतं.” सगळ्या बायांनी मान हलवली. मला राहवलं नाही.

“तो भित्रा नव्हता, आजी,” मी म्हटलं. “त्याले भित्रा केला. चार वर्षांचा व्हता तवापासून मी पाहून राह्यली.”

शोभाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती उठून आत गेली. गजानन म्हणाला, “सिस्टर, आज नोका.” त्याचं बरोबर होतं. पण मग कोणत्या दिवशी, हे मला अजून कळलेलं नाही. असल्या गोष्टी बोलायचा दिवस कोणत्याच घरात उगवत नाही.

गावात मग बोलणं झालं, सिस्टरचं तोंड फार वाईट आहे, मेलेल्या लेकराच्या घरी जाऊन असं बोलली. ते मी सोसलं. जे सोसवलं नाही ते पुढेच. दोन-तीन महिन्यांनी लसीकरणाच्या दिवशी मी अंगणवाडीच्या दारात उभी होते आणि एक आई तिच्या पळणाऱ्या पोराला सांगत होती, “सुई घे मुकाट्यानं! अंकुशनं नाही घेतली, पाह्य काय झालं त्याचं.” आधी धाकात नुसती मी होते. आता माझ्या जोडीला अंकुश आला. मेल्यावर त्या पोराला त्यांनी माझ्याच कामाला लावलं.

मी डबा खाली ठेवला आणि त्या बाईला बोलले, पुष्कळ बोलले. ती म्हणाली, “पण सिस्टर, तुमचंच तं काम सोपं करून राह्यलो आम्ही.” तिचं खोटं नव्हतं. तिच्या पोराने खरंच मुकाट्याने सुई घेतली. ऑफिसात माझ्या गावांचं लसीकरण त्या वर्षी चांगलं झालं म्हणून साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं, टाळ्या वाजवल्या. मी उभी राहून नमस्कार केला. काय सांगणार होते मी तिथे?

लेकरांच्या मनाचं पुस्तकात मी फारसं वाचलेलं नाही. मला एवढंच कळतं की घरात भीती स्वस्त पडते. घास लगेच उतरतो, रडणं लगेच थांबतं, आई-बापाला स्वयंपाकाला, शेताला जायला मोकळीक मिळते. त्या वेळी काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर, जेव्हा लेकराला खरंच काही झालेलं असतं आणि सांगायला जागा नसते. तेव्हा ते आईकडे पाहतं आणि आईच्या मागे त्याला मी दिसते. मग ते हात पाठीमागे घेतं.

आता चिखलीत राहते मी. शेजारी सगळी नोकरदार, शिकलेली मंडळी. त्यांच्याकडे सिस्टरचं नाव घेत नाहीत, मोबाइलमध्ये म्हणे पोलिसाचा खोटा फोन वाजवता येतो. “हॅलो, कोण जेवत नाही?” असा जाड आवाज येतो आणि पोरगं भराभर खातं. शेजारच्या सूनबाईंनी मला कौतुकाने तो ऐकवला. मी म्हटलं, चला, माझी जागा भरली एकदाची.

मागच्या महिन्यात मी बाजारात भाजी घेत होते. कोथिंबिरीच्या भावावरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात मागून कोणीतरी वाकून पायाला हात लावला.

“सिस्टर, वळखलं का? मी राणी. अंकुशची बहीण.”

भरल्या अंगाची, हसरी, कपाळावर मोठी टिकली. चिखलीतच दिली होती तिला. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे म्हणाली. मी तिच्या पायाकडे पाहिलं, जोडवी-पैंजण सगळं होतं, तो ओरखडा आता शोधूनही सापडला नसता. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला. त्या कापसाच्या खोलीनंतर वीसेक वर्षं गेली होती आणि ही पोरगी बाजारात उभी राहून वांग्यांचा भाव करत होती. माझ्या नोकरीचं एवढं फळ पुरे, असं मला वाटलं.

तिच्या पदराला तीनेक वर्षांचा मुलगा लोंबकळत होता. समोरच्या गाड्यावरच्या फुग्यासाठी त्याने रडून आकांत मांडला होता.

“याचं नाव काय?” मी विचारलं.

“अंकुशच ठेवलं,” ती म्हणाली. “माय म्हणे ठेव.”

मी खाली वाकून त्याचा गाल धरायला गेले. त्याने रडण्याचा आवाज आणखी वाढवला. राणीने त्याचा दंड धरून त्याला माझ्यासमोर उभं केलं आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली,

“चूप! हे कोण हायेत माहीत हाय का? सिस्टर! यायनं मले पाच सुया देल्या व्हत्या, पाच! रडशीन तं तुले बी देतीन.”

आणि माझ्याकडे पाहून हसली.

पोराचं रडणं तिथेच थांबलं. तोंड उघडंच राहिलं, आणि दोन्ही हात हळूच पाठीमागे गेले.

मी तिथे बाजारात, चिखलात, खाली बसले. गुडघे आता वाकत नाहीत, तरी बसले. भाजीची पिशवी त्याच्यासमोर उलटी केली. वांगी, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, चष्म्याचं घर, सगळं बाहेर पडलं.

“पाह्य राजा,” मी म्हटलं, “काहीच नाही माह्याजवळ.”

“अवो सिस्टर, काय करून राह्यल्या? भाजी सांडली ना सारी!” राणी म्हणाली आणि घाईघाईने वांगी गोळा करू लागली. तिला काही आठवलं नाही. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, खरंच काही आठवलं नाही.

पोरगं एकेका वस्तूकडे पाहत होतं. रिकाम्या पिशवीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हात मात्र त्याने पुढे आणले नाहीत.